बत्तीस आवर्तनांचे नृत्य



पियानो शिकू लागलेल्या मुलाच्या घरावरून सायंकाळी जाण्याचा योग आला, तर एक चीज हमखास कानी पडते. प्रथम पंचमावर ठोका, मग षड्जापासून पायरीपायरीने चढत पुन्हा पंचम आणि तेथून खाली षड्जाचे दोन हलके आघात. ही 'जी मेजर'मधील मिन्युएट. जगभर प्रारंभीच्या विद्यार्थ्यांना ती शिकवतात. परंतु बहुधा पाढे म्हणावेत तशी ती वाजवली जाते. मूळचे हे नृत्य आहे, याचाच विसर पडतो.

मिन्युएट हे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात मान पावलेले नृत्य. त्याचे आवर्तन तीन मात्रांचे. पण नर्तकाच्या पावलांचा एक फेर दोन आवर्तनांत पुरा होतो. सहा मात्रांत चार पावले! आपल्या दादऱ्यातही तीन-तीनच्या दोन विभागांत सहाच मात्रा असतात. तेव्हा हा हिशेब आपल्या कानाला परका नाही. ठोक्यापूर्वी गुडघा किंचित लववायचा आणि ठोक्यावर अंग उचलायचे, अशी त्या पावलाची रीत. चैतन्य येते ते या उचलण्यातून. केवळ वेगातून नव्हे.

माझ्या परिचितांच्या कन्येला ही चीज काही केल्या साधेना. उजवा हात धावे, डावा मागे राही. मी म्हटले, "बाळ, पियानो राहू दे. सहा मोजत जरा अंगणात चालून ये." ती चालली, हसली आणि परत येऊन बसली. बोटे चुकली, पण ताल चुकला नाही. त्या दिवशी प्रथमच ती चीज नाचली.

ही मिन्युएट आपल्यापर्यंत पोहोचली ती एका गृहिणीच्या वहीतून. योहान सेबास्तियन बाख यांची द्वितीय पत्नी आना माग्दालेना स्वतः उत्तम गायिका होती. १७२५ साली सुरू झालेल्या तिच्या वहीत पतीच्या रचना आहेत, मुलाने केलेल्या चिजा आहेत आणि आवडली म्हणून उतरवून घेतलेली इतरांची नृत्येही आहेत. या मिन्युएटवर कर्त्याचे नाव नव्हते. वही बाखांच्या घरची, म्हणून चीजही बाखांचीच, असे लोकांनी धरून चालले. १९७० च्या दशकात संशोधनाने सिद्ध झाले, की तिचा कर्ता ड्रेस्डेनच्या सोफिया चर्चमधील ऑर्गनवादक क्रिस्तियान पेट्झोल्ड. १७३३ साली तो वारला, आणि त्याच्या जागी नेमणूक झाली ती बाखांच्याच थोरल्या मुलाची! पुढे १९४५ च्या बाँबवर्षावात ते चर्च उद्ध्वस्त झाले आणि १९६० च्या दशकात त्याचे अवशेषही पाडण्यात आले.

थोर नाव गळून पडले, म्हणून चिजेचे मोल कमी झाले काय? मुळीच नाही. तिची बांधणीच पाहा. सोळा-सोळा आवर्तनांचे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पहिल्या भागात सारे शुद्ध स्वर. दुसऱ्या भागात अवचित तीव्र मध्यम डोकावतो, घटकाभर पंचमच नवा षड्ज होऊन बसतो आणि मग सूर स्वगृही परततात. घर सोडून जाणे आणि घरी परतणे, एवढा मोठा अनुभव बत्तीस आवर्तनांत एका बालकाच्या हाती येतो.

म्हणून पालकांना व शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की 'सोपी चीज' म्हणून हिची बोळवण करू नका. आधी सावकाश, एकेका हाताने बसवा. मग दोन आवर्तनांचा एक श्वास धरा. आणि मूल वाजवताना मान डोलावू लागले, तर त्याला रागावू नका. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपले नाव हरवून बसलेल्या त्या ऑर्गनवादकाला याहून गोड दाद कोणती मिळणार?