मुक्याचा वाटा

(भंडारा जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



शेताच्या वाटण्या चालल्या म्हणजे घरांतला मुका भाऊ ओसरीवर बसून नुसता पाहात असतो. त्याला जन्मभर खाऊं घालूं, वाटा कशाला, असें चार मोठीं माणसें म्हणतात. हें बोलणें आलें कोठून, तें आज आम्ही सांगणार आहों.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वाटा न मिळणाऱ्यांची यादी आहे. जन्माचा आंधळा, जन्माचा बहिरा, वेडा, जड व मुका यांस तींत पतिताच्या पंक्तीला बसविलें आहे. पुढच्याच श्लोकांत त्यांना अन्नवस्त्र द्यावें असें सांगितलें आहे. म्हणजे भात मिळे, बांधी मिळत नसे. अकराव्या अध्यायांत कारणही दिलें आहे. मागल्या जन्मीं ज्यानें वाणी चोरली तो मुका होतो! वाणीची चोरी म्हणजे परवानगीवांचून वेद शिकणें, असा अर्थ टीकाकार करतात. ज्यांच्या आजापणजाला पाटीला हात लावूं दिला नाहीं, त्याच आपल्या लोकांनीं हें पूर्वजन्मीचें पाप मुक्या लेकराच्या माथीं मारावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

खरें कारण साधें आहे. बहुतेक मुक्यांचा घसा धड असतो. कानीं शब्द पडत नाहीं म्हणून तोंडीं येत नाहीं. तो शिकतो. १८८० नंतरच्या दशकांतच मुंबईला माझगांवीं बिशप म्यूरिन यांनीं बहिऱ्या-मुक्यांची शाळा काढली होती.

इंग्रजी कोर्टांनीं मात्र शास्त्राचा नियम तसाच उचलला. बहिरेपण जन्माचें ठरलें कीं वाटा गेला. जन्मभर पितळ ठोकून ज्या कारागिराचे कान गेले, त्याचा वाटा शाबूत. आईच्या पोटांतून बहिरा आला, त्याचा गेला. त्याला धडधाकट मुलगा असला तर तो वाटा मुलाकडे जाई, एवढीच काय ती दया.

आतां मौज पाहा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें मुक्याला साक्षीला उभें केलें. कोर्टांत त्यानें लिहून किंवा खुणांनीं सांगितलेलें तोंडी पुरावाच धरावें, असें ठरलें. शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या तंट्यांत त्याच्या हाताची खूण न्यायाधीशाला कळे. बापाच्या शेतांत तोच हात कोणाला दिसत नसे. असें ५६ वर्षें चाललें. १९२८ च्या १२ व्या कायद्यानें मुक्या-बहिऱ्याची अपात्रता काढली. परंतु त्यापूर्वीं ज्यांचा हक्क गेला होता, त्यांना तो परत मिळाला नाहीं, आणि बंगालच्या दायभागाला तो कायदा लागूच नव्हता. पुढें १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें व्यंगाची सबब साफ मिटविली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेंही वारशाचा हक्क स्पष्ट लिहून ठेवला आहे.

कायदा बदलला, ओसरी बदलली काय? आतां वाटा नाकारतां येत नाहीं, म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. कागदांत काय आहे तें त्याला कोणी सांगत नाहीं, आणि वर, तो राजीखुशीनें हंसला, असें म्हणतात! त्याच्या खुणा जाणणारी आई किंवा बहीण त्या वेळीं चुलीपाशीं असते. पंचांस आमचें इतकेंच मागणें आहे, कीं कागद पुढें येण्यापूर्वीं तिला बाहेर बोलवावें, भावाला बांधीवर न्यावें, आणि तिच्या हातांनीं विचारावें: ही तुझी, देतोस काय?