मुलांच्या हातातला मोबाईल : बंदी घालायची ती कोणावर?

(उंबरमाळी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारू, पाणी, रेशन, मारहाण, सातबाऱ्यावर नाव हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय त्यात बसत नाही असं काहीजणींना वाटेल. पण शहापूर-मुरबाडमध्ये कोणत्याही गटाची बैठक घ्या, उठता उठता एक गाऱ्हाणं निघतंच, 'पोर मोबाईल सोडत नाही.' मग कोणीतरी म्हणते, 'ग्रामसभेत ठराव करा आणि टाका बंद करून.' असा ठराव करावा का, आणि केला तर त्यात काय लिहावं, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

माझं मत आधीच सांगते. लहान मुलांच्या हाती इन्स्टाग्राम, फेसबुक, रील हे देऊ नये, असं मलाही वाटतं. पण बंदीचा भार मुलींवर आणि त्यांच्या आयांवर पडणार असेल, तर त्या ठरावाच्या विरोधात मी हात वर करीन.

हा मोबाईल मुलांच्या हाती आला कसा, ते आठवून पाहा. २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या. सरकारने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं म्हणत अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ज्या घरात फोन नव्हता तिथे उसनवारी करून फोन आला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन घरातच राहिला. म्हणजे मुलांना ही सवय आयांनी लाड करून लावली, हे म्हणणं खोटं आहे.

दुसरी गोष्ट. इथली बाई पहाटेची लोकल पकडून कल्याण-दादरला रानभाजी, पानं-फुलं विकायला जाते. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी दुसऱ्याच्या शेतावर. अंगणवाडी काही तासांची, आणि दोन वर्षांच्या लेकराला तिथे दिवसभर कोण सांभाळणार? मग दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, आणि धाकटा रडायचा थांबावा म्हणून ती त्याच्यापुढे व्हिडिओ लावते. पाळणाघर द्या, ही मागणी आपण कित्येक वर्षं करत आलो. ते मिळालं नाही, आणि त्याची जागा मोबाईलने घेतली. हे लक्षात न घेता 'हल्लीच्या बायकांना पोरं सांभाळायला नकोत' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते स्वतः किती वेळ पोरं सांभाळतात, हे त्यांना विचारायला हवं.

आता या माध्यमांचा धंदा समजून घेऊ. ते फुकट मिळतं असं आपल्याला वाटतं. पैसा जाहिरातीतून येतो. मूल जितका वेळ पाहील तितक्या जाहिराती दाखवता येतात. म्हणून एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. खाली सरकवत राहा, शेवट येतच नाही. मुलाने कुठे थांबून पाहिलं, याची नोंद यंत्र ठेवतं आणि पुढच्या वेळी तसंच आणखी दाखवतं. मोठ्या माणसाला हे सोडवत नाही. आठ वर्षांच्या मुलाला 'तुला शिस्त नाही' म्हणून मारण्यात काय अर्थ आहे?

नुकसान काय होतं, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेन या बाईने २०२१ साली कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आणली. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढते, असं कंपनीच्याच पाहणीत लिहिलेलं होतं. काळी आहेस, जाडी आहेस, हे मुलींना सांगणारी माणसं पूर्वीही घरात आणि गावात होती. आता तेच चोवीस तास खिशातून ऐकू येतं. शिवाय मुलग्यांच्या हातात काय जातं, तेही पाहा. बाईला शिवी देणं, तिची टवाळी करणं, तिला मारणं, हे करमणूक म्हणून त्यांच्यापुढे येतं. आपण वस्तीत बसून जे शिकवतो ते दहा मिनिटांत पुसलं जातं.

कंपन्या कागदावर म्हणतात की तेरा वर्षांखालच्या मुलांनी खातं काढू नये. पण जन्मसाल खोटं टाकलं की खातं निघतं. म्हणजे नियम आहे, पण तो मोडला जावा अशी सोयही आहे.

मग गावांनी काय केलं? आपल्याच महाराष्ट्रात याची उदाहरणं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ साली ठरलं, की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद राहतील. हा निर्णय स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी झालेल्या बायकांच्या सभेत झाला. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल वापरण्यावर बंदीचा ठराव केला आणि न ऐकल्यास दंड ठेवला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला, आणि त्याच वेळी संध्याकाळी सात ते नऊ शाळकरी मुलांना मोबाईल नको, असंही ठरवलं.

या तिन्ही गावांची कळकळ खरी आहे. पण ठराव सारखे नाहीत. वडगावच्या ठरावात बापाचाही फोन बंद होतो. बान्सीच्या ठरावात फोन फक्त मुलांचा जातो, मोठ्यांनी काय करावं याचं बंधन नाही. आणि 'मुलांचा' म्हटलं तरी घरात आधी कोणाचा काढून घेतात, हे आपल्याला सांगायला नको. 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीत २०२४ साली दिसलं, की चौदा ते सोळा वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांत शंभरातल्या ३६ मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत फक्त २७ जणींकडे. मुलगी बहुतेक वेळा भावाचा नाही तर बापाचा फोन मागून वापरते. तिचा फोन बंद करायला ठराव लागतच नाही.

आता राजस्थानची गोष्ट ऐका. डिसेंबर २०२५ मध्ये जालोर जिल्ह्यात एका समाजाच्या पंचांनी पंधरा गावांसाठी फर्मान काढलं, की सुनांनी आणि तरुण मुलींनी कॅमेऱ्याचा फोन वापरायचा नाही, साधा बटणांचा फोन चालेल. कारण काय दिलं? बायकांचे मोबाईल लहान मुलं घेतात आणि मुलांचे डोळे बिघडतात! पुरुषांचे मोबाईल मुलं घेतच नसावीत. ओरड झाली तेव्हा फर्मान मागे घ्यावं लागलं. पण मुलांच्या काळजीच्या नावाने बाईच्या हातातली वस्तू कशी काढून घेतात, याचा हा धडा आहे. बाई शिकली तर नवरा मरतो, असं सांगणारा आपलाच महाराष्ट्र होता. रील पाहणं म्हणजे अक्षर शिकणं, असं मी म्हणत नाही. पण फोनवर फक्त रील नसतात. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायला लावली, तेव्हा ओटीपी कोणाच्या फोनवर येत होता ते आठवा. अंगणवाडीताईचं रोजचं काम फोनवर आहे. मार खाणारी बाई बहिणीला फोनवरूनच बोलावते.

आणखी एक धोका आहे, तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. एखादा मुलगा तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा फोटो मिळवतो आणि 'भेटायला ये, नाहीतर गावभर पाठवीन' म्हणतो. फोनवर कडक बंदी असलेल्या घरात ही मुलगी कोणाला सांगेल? सांगितलं की पहिला प्रश्न येणार, 'तुझ्या हातात फोन आला कसा?' दुसऱ्या दिवशी शाळा बंद आणि पुढच्या महिन्यात तिच्यासाठी स्थळ. फोन सापडला म्हणून मुलीचं लग्न उरकणं, हे आपल्या भागात कोणाला नवीन आहे? धमकी देणारा मोकळा राहतो. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत हा पोक्सो कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करता येतो. पण तिथे पोचायला आधी घरात एक माणूस न ओरडता ऐकणारं लागतं.

मग कायदा काय करतो? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली. तिथे शिक्षा मुलाला नाही, आईबापालाही नाही. कंपनीने मुलांना रोखलं नाही तर कंपनीला चार कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड. या कायद्याला नावं ठेवणारे आहेत, मुलं पळवाटा काढतात हेही खरं. पण दंड कोणाला, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ही कलमं लागू करायला अठरा महिन्यांची मुदत दिली. मनाईचा भाग चांगला. पण संमती कोण देणार? भट्टीवर गेलेली आई? बारीक अक्षरातल्या त्या अटी वाचून? अंगठा तिचा घ्यायचा आणि पुढे काही झालं तर 'तूच परवानगी दिलीस' म्हणायचं, हे आपण फार वेळा सोसलं आहे.

म्हणून आपला ठराव आपण लिहू. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. शहापूर तालुका पेसा क्षेत्रात आहे, इथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. त्या सभेत मी पुढील गोष्टी मांडायला सांगेन.

एक : तेरा वर्षांखालच्या मुलांची खाती काढायची नाहीत, मुलगा असो की मुलगी. भावाला एक नियम आणि बहिणीला दुसरा, हे चालणार नाही.

दोन : संध्याकाळचे दोन तास सगळ्यांचे मोबाईल बाजूला. आधी बापाचा, आजोबांचा आणि सरपंचांचा. आपलाही.

तीन : त्या दोन तासांत मुलांनी करायचं काय, याची सोय गावाने करायची. समाजमंदिर उघडं ठेवा, दिवा आणि पुस्तकं द्या. मैदानावर मुलींनाही खेळू द्या.

चार : कामावर जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर, वीटभट्टीवरसुद्धा. ही जुनी मागणी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आणायची.

पाच : दंड कोणत्याही मुलावर किंवा आईवर नाही. फोनमुळे कोणत्याही मुलीची शाळा सोडवली जाणार नाही, हे ठरावात लिहून घ्यायचं.

सहा : प्रत्येक गटाने दोन बाया नेमायच्या, ज्यांच्याकडे मुलगी फोटोची, धमकीची गोष्ट घेऊन येऊ शकेल आणि ज्या तिला बोल लावणार नाहीत.

सात : कंपन्यांना जबाबदार धरणारा कायदा नीट राबवावा, अशी मागणी करणारं पत्र आमदार-खासदारांना ग्रामसभेच्या शिक्क्यानिशी पाठवायचं.

यातली दुसरी बाब सगळ्यांत अवघड जाईल, हे मला माहीत आहे. मुलाचा फोन काढून घेणं सोपं, नवऱ्याला 'तुमचा पण ठेवा' म्हणणं कठीण. एकटीने म्हटलं तर भांडण होईल. म्हणून तर ते सभेत, सगळ्यांनी मिळून ठरवायचं आहे. दारूच्या वेळी एकेकटीने काही झालं नव्हतं, एकत्र आल्यावर झालं. महिलांच्या पुढच्या सभेला या आणि येताना घरातल्या मोठ्या मुलींनाही घेऊन या. ठराव त्यांच्याबद्दल आहे, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय तो लिहायचा नाही.