विमा आहे, डॉक्टर कोठे आहे?



वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. जिल्हा वेगळा झाला म्हणजे जिल्हाधिकारी येतो, कचेऱ्या येतात, पाट्या बदलतात. परंतु अडलेल्या बाळंतिणीची वाट आजही पुष्कळदा अकोल्याकडेच जाते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती आणि शंभरांतील ऐंशीहून अधिक माणसे खेड्यांत राहत होती. २०१८ साली ‘आकांक्षित जिल्हा’ हे गोंडस नाव ह्या मागासलेपणाला मिळाले.

त्याच वर्षी आयुष्मान भारत योजना आली. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी जोडली गेली आणि २०२३ च्या शासननिर्णयाने विम्याची मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपये ठरली. एवढी रक्कम शेतमजुराच्या घरात कोणी एकत्र पाहिलेली नसते. म्हणून मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील तांड्यावर सून गरोदर राहिली की घरचे माणूस साहजिकच विचारते : हे कार्ड चालणारा बाळंतपणाचा डॉक्टर कोणता?

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधे नाही. योजनेशी करार होतो तो रुग्णालयाचा, आणि तोही ठरावीक विभागांपुरता. दारावर योजनेचा फलक असला तरी तो हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी असू शकतो. स्त्रीरोगाचा विभाग त्यात असेलच असे नाही. शिवाय योजनेची यादी मुख्यतः शस्त्रक्रियांची आणि गंभीर आजारांची. खाटा, यंत्रसामग्री व कर्मचारी यांच्या अटी तालुक्याच्या गावी एकट्याने चालविलेल्या प्रसूतिगृहाला जड जातात. दर ठरलेले, मंजुरी आधी घ्यावयाची, पैसे मागाहून. तेव्हा खाजगी डॉक्टर कार्ड नाकारतो ह्याचे कारण केवळ लोभ, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. विमा पैशाची हमी देतो. जेथे डॉक्टरच नाही तेथे तो डॉक्टर निर्माण करीत नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी ह्या कार्डाची गरजच नाही. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरळ प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन हे सारे विनामूल्य आहे. उत्पन्नाचा दाखला नको, शिधापत्रिकेचा रंग नको. विमा येण्याच्या कितीतरी आधी हा हक्क मान्य झालेला आहे.

मग अडते कोठे? अडते ते मध्यरात्री. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बालरोगतज्ज्ञ लागतो आणि रक्त साठविण्याची सोय लागते. ह्यांतला एक दुवा नसला की उरलेले तिन्ही निरुपयोगी होतात, आणि बाईला पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरला नाही तर दोन तासांतही स्त्री दगावू शकते. तेवढा वेळ रस्त्यातच जातो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तज्ज्ञाकडून विनामूल्य तपासणी होते. उपक्रम चांगला आहे, जोखमीची बाई तेथे वेळीच ओळखता येते. पण कळा काही तारीख पाहून येत नाहीत.

२०२४ साली वाशिमला शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. त्याचे स्वागत करावे, आणि त्याचा स्त्रीरोग विभाग चोवीस तास चालतो की नाही ह्यावर डोळा ठेवावा. तथापि महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. मानोऱ्याच्या बाईला तेथवर यावयाचे आहे. एम.बी.बी.एस. डॉक्टरांना तातडीची प्रसूतिसेवा आणि भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद सरकारी कार्यक्रमांत आहे. ती ग्रामीण रुग्णालयांत उतरविण्याची मागणी करावयास नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

कार्यकर्त्यांनी कार्डांची शिबिरे जरूर घ्यावीत. मात्र त्याच शिबिरात जननी शिशु सुरक्षेचे हक्क वाचून दाखवावेत; आणि नंतर रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा येथील ग्रामीण रुग्णालयांत जाऊन रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारावे : स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय? भूल कोण देतो? रक्त कोठून येते? गेल्या महिन्यात किती बाळंतिणी पुढे पाठविल्या, आणि कोणत्या कारणाने? उत्तरे लेखी मागावीत व ग्रामसभेत वाचावीत.