दगडीपाला आणि गुराख्याचा अंगठा



आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना दगडीपाला दाखवून द्यावयास नको. बांधावर, वाटेच्या कडेला, पडक्या भिंतीवर तो उगवतो. पाने खरबरीत आणि लांब दांडीवर एकुलते एक फूल. म्हणून कोणी त्याला एकदांडीही म्हणतात. लहानपणी गवत कापताना माझ्या बोटाला विळा लागला, तेव्हा एका गुराख्याने हाच पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळला आणि वर चोथा ठेवून अंगठ्याने घट्ट दाबून धरले. रक्त थांबले.

गंमत अशी, की ही वनस्पती मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेली. चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे हे औषध पोथीने शिकविले नाही. रानात वावरणाऱ्या माणसांनी ते स्वतः पारखून घेतले. पुढे प्रयोगशाळेतही पानांच्या अर्काने रक्त लवकर गोठत असल्याचे आढळले.

परंतु त्या अंगठ्याचे काय? सुश्रुताने रक्त थांबविण्याचे ४ उपाय सांगितले आहेत : तुरट द्रव्ये, थंडावा, राख आणि शेवटी डाग. लोध्रादी द्रव्यांचे चूर्ण जखमेवर भुरभुरावे, असे तो सांगतो. आणि त्याबरोबरच बोटाच्या टोकाने दाबावयासही सांगतो! तुरट रसाने जखमेचा पृष्ठभाग आकसतो, हे खरे. पण पुष्कळदा यश पाल्याचे नसून दाबाचे असते. स्वच्छ फडके दाबून धरले तरी किरकोळ जखम बहुधा थांबते. पाल्याबरोबर मात्र माती आत जाते, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

दाबूनही न थांबणारे रक्त एक आहे. कोकणातल्या मंडळींना ते ठाऊक असेल. फुरसे चावले, की हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. त्या विषाने रक्त गोठविणारे द्रव्यच खर्ची पडते. तेथे पाला काय करणार? दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पाण्यासारखे वाहिले, तर शिरेतून प्रतिविष द्यावे लागते. अशा माणसाचा पाय आवळून बांधू नये, जखम कापू नये. त्याला चालू न देता उचलून न्यावे.