राईचा पर्वत आणि सीमाभागातील बस
एखाद्या गैरसोयीलाच अनर्थ समजण्याच्या मनोवृत्तीला मानसशास्त्रात ‘भयंकरीकरण’ असे म्हणता येईल. १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी अमेरिकेत मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारानुसार तिचे मूळ घटनेत नसते, तर ‘असे घडताच कामा नये’ या मनातील हट्टात असते.

ही वृत्ती केवळ व्यक्तीपुरती मर्यादित राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यातील बाळेकुंद्रीजवळ बसमध्ये तिकीट देताना मराठी-कन्नड बोलण्यावरून उडालेला खटका वाहकाला झालेल्या मारहाणीपर्यंत गेला, त्यानंतर चित्रदुर्ग येथे महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळे फासण्यात आले, महाराष्ट्राने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि २२ मार्चला कन्नड संघटनांनी राज्यव्यापी बंद पुकारला. तिळाचा ताड होणे याहून वेगळे ते काय?

तथापि, या तिळाखालची जमीन १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून तापलेली आहे, हे विसरल्यास विश्लेषण अपुरे राहते. बेळगाव, निपाणी हा मराठीबहुल पट्टा तेव्हा म्हैसूर राज्यात गेल्याची सल खरी आहे, आणि एलिसही खऱ्या दुःखाला अविवेकी ठरवत नाहीत. खेद किंवा नाराजी यांना ते ‘निरोगी’ भावना मानतात, कारण त्यांत इच्छा असते पण हट्ट नसतो. एसटी थांबल्यावर मात्र खोळंबला तो कागल-निपाणी मार्गावरचा, या वादात कोणतीही बाजू न घेतलेला प्रवासी.