टांगा कोण हाकणार?

(धुळ्यात शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय : शाळेतले इंग्रजीचे उपक्रम. म्हणजे काव्यवाचन, नाट्यप्रवेश, वक्तृत्व. विषय ऐकून मागं काही जण हसले. पोटाचे प्रश्न सोडून हे कविता-नाटकाचं काय काढलं? काढलंय, कारण शाळेच्या स्टेजवर कोण उभा राहतो आणि सतरंज्या कोण उचलतो, हाही पोटाचाच प्रश्न आहे. तिथं बोलायला शिकलेला पोरगा पुढं मुलाखतीत बोलतो, कोर्टात बोलतो, साहेबाच्या टेबलासमोर बोलतो. सतरंज्या उचलणारा उचलतच राहतो.

मी शिकलो त्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनात शेक्सपिअरचा एक प्रवेश व्हायचा. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला कोर्टाचा. निवड उच्चारावर. आमच्या तोंडातली अहिराणी ऐकली की सर पुढच्या पोराकडं सरकायचे. चार वर्षांत वस्तीतल्या एकालाही वाक्य मिळालं नाही. आम्ही बाकं लावली, पडदा ओढला. पण पडद्याची दोरी धरून धरून अख्खा प्रवेश मला पाठ झाला. ज्याच्या अंगावर लोक थुंकले तो शायलॉक भर कोर्टात हिशेब मागतो, हे मला विंगेत उभं राहून कळलं. स्टेजवर इस्त्रीचे कपडे घालून उभे होते त्यांना ते कळायची गरजच नव्हती.

इंग्रजी त्यांची, हे आपल्या डोक्यात भरलं कुणी? १८५४ साली सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' आला, त्यात त्यांनी इंग्रजीला माउली म्हटलंय. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळकरी निबंध! पण त्यात आपल्या माणसांचं दुःख उघड्यावर मांडलं होतं. त्याच साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. भटानं नाडलेलं नवरा-बायकोचं जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं, असं ते नाटक. पुढं १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद. तिथं म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि पोरांनी ते उभं केलं. म्हणजे निबंध, कविता, नाटक आपल्याकडं शोभेला आलेलंच नाही. लढायला आलंय.

आता आपल्या खानदेशाकडं या. बाबासाहेबांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्यात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले तिथं आज हे पुस्तक पोरांना वाचायला देतात. आणि त्यातली एक आठवण कुठली? धुळ्याहून दोन तासांवरच्या चाळीसगावची!

साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर हारतुरे झाले, पण माणसं हलेनात. तासभर खोळंबा. का? टांगेवाले म्हणाले, अस्पृश्याला नेणार नाही. साहेबांनी पायी चालणं वस्तीला कमीपणाचं वाटलं. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्यानं घ्या, हाकणार मात्र आम्ही नाही. कधी टांगा न हाकलेला आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला धडकलं. घोडा न् टांगा नदीत, बाबासाहेब फरशीवर. पाय मोडला. बाबासाहेबांनी पुढं लिहिलं, की बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षाही साधा टांगेवाला स्वतःला वरचा समजतो.

दोस्तहो, आपली इंग्रजी म्हणजे हाच टांगा. भाड्यानं मिळालाय. फी घेतात, पुस्तक देतात, २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. पण लगाम धरायला शिकवत कोण नाही. मग फरशीवर आपटलो की म्हणतात, यांना झेपत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेक्सपिअर फेकू नका, शायलॉक आपलाच आहे. पण त्याच्या शेजारी चाळीसगाव उभं करा. इंग्रजीत. चार प्रवेश होतात : स्टेशन, टांग्याची घासाघीस, फरशी, महारवाडा. टांगेवाल्याचं काम एकाच पोराला देऊ नका, आळीपाळीनं सगळ्यांनी करा. तो नकार तोंडातून काढून पाहिल्याशिवाय तो कुठून येतो ते कळत नाही. आणि व्याकरणही त्यातच शिकवा. इंग्रजीत वाक्य असतं, त्याला टांगा नाकारला गेला. पोरांना विचारा : कुणी नाकारला? कर्ता कुठं लपला? कर्मणी प्रयोगात लपलेला कर्ता ज्याला शोधता येतो, तो पोरगा उद्या सरकारी अहवालातला आणि पंचनाम्यातला कर्ताही शोधतो.

कवितेचंही तेच. 'पॉयझन्ड ब्रेड'मध्ये १९९२ साली आपल्या लेखकांचं लिखाण इंग्रजीत आलं. दया पवारांचं 'बलुतं' २०१५ साली आलं. कॉलेजातले प्राध्यापक त्यावर पेपर वाचतात, पण वस्तीतल्या आठवीच्या पोरीला ते ठाऊक नाही. तिच्या हातात द्या. आणि तिला स्वतःची एक कविता आधी अहिराणीत लिहू द्या, मग तिच्याकडूनच इंग्रजीत करून घ्या. "माले येत नही" म्हणणाऱ्या पोरीची जीभ छाटून तिथं कॉन्व्हेंटची जीभ शिवायची नाही. तिची आहे तीच जीभ लांब करायची.

शाळा परवानगी देईल? काही सर देतील, त्यांना धरा. नाही दिली तर बुद्धविहार आपलंच आहे, रविवार आपलाच आहे. चार सतरंज्या आणि एक बल्ब पुरतो.

१९३७ साली बाबासाहेब खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले होते. तिथं आपण दर ३१ जुलैला जातो, हार घालतो, जेवतो, परत येतो. येत्या ३१ जुलैला तिथं आपल्या आठवी-नववीच्या पोरांनी चाळीसगावचे चार प्रवेश करायचे. कामं आज इथंच वाटून घेऊ. कागद फिरतोय. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं नाव आधी लिहायचं.

जय भीम.