जुनी खाज आणि तिचा उपशम
(मठाच्या वर्धापनोत्सवात सुरत येथे दिलेले व्याख्यान)



मनुष्याचा प्राण न घेणाऱ्या व्याधींची गणना समाज सहसा करीत नाही. जुनी खाज ही अशीच एक उपेक्षित व्याधी होय. ती झोप हिरावते, कामात चित्त लागू देत नाही, आणि लज्जेमुळे रोगी तिच्याविषयी बोलतही नाही. खानदेशातून तापीच्या वाटेने येऊन उधना, लिंबायत या भागांत राहिलेल्या आपल्या कष्टकरी बांधवांना दमट हवा, घामाने भिजलेले कपडे आणि दाटीची वस्ती यांमुळे तिचा उपद्रव सहज होऊ शकतो.

आयुर्वेदाने दद्रु आणि पामा यांचा समावेश अठरा कुष्ठांत केला आहे. दद्रु म्हणजे आपले गजकर्ण. त्यालाच आपले गुजराती शेजारी दादर म्हणतात. आपली खरूज ती त्यांची खस. परंतु या दोहोंची कारणे भिन्न असल्यामुळे एकच मलम दोन्हींना चालत नाही.

खरूज त्वचेत घर करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते. वैद्यकीय सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवावे आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा लावावे. खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यावा. कपडे व अंथरुणे कढत पाण्यात धुवावीत. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे रेंगाळते. तेवढ्याने निराश होऊ नये.

गजकर्ण बुरशीमुळे होते. येथे मोठा धोका दुकानातून परभारे आणलेल्या मिश्र मलमांचा आहे. त्यांतील स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज शमते, पण बुरशी आत पसरत राहते. त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वण उमटतात. म्हणूनच २०१८ साली केंद्र शासनाने अशा मलमांवर चिठ्ठीचे बंधन अधिक कडक केले. २०२० साली या बुरशीच्या एका प्रकारास ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले; नेहमीचे टर्बिनाफिन हे औषध तिच्यावर पुष्कळदा निष्प्रभ ठरते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाने सांगितलेले औषध, खाज थांबली तरी, सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेतले पाहिजे.

तिसरा प्रकार कोरड्या त्वचेचा व इसबाचा. रंगकामातील द्रव्यांचा स्पर्श हेही त्याचे एक कारण असते. हातमोजे घालावेत, कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल अथवा व्हॅसलीन लावावे. अंगावर काहीही उठलेले नसता सर्वांगास खाज सुटत असेल, तर यकृत, मूत्रपिंड व कंठग्रंथी यांची तपासणी करून घ्यावी.

शेवटी एकच विनंती. खाज हे पापाचे फळ नव्हे, अस्वच्छतेचा पुरावाही नव्हे. घरातील सून किंवा वयात आलेली मुलगी संकोचाने गप्प राहते आणि गुपचूप नळी मागवते. तेथूनच रोग मुरतो. तिला दोष न देता वेळेवर वैद्याकडे न्यावे. निम्मा उपचार तेथेच होतो.